कुडाच्या घराचा कागद

पीएचडीला नाव नोंदवताना मी जो प्रस्ताव लिहिला होता, त्याचं शीर्षक आज वाचलं की हसू येतं : ‘ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जमीनमालकांनी बांधलेली कुळांची घरे : स्थानिक साहित्य आणि रचना’. मार्गदर्शक बाईंनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “‘जमीनमालकांनी बांधलेली’ हे तुला कुणी सांगितलं?”

कुणीच सांगितलं नव्हतं. इंग्लंडमधल्या इस्टेटींवरच्या घरांबद्दल दोन-तीन पुस्तकं वाचली होती आणि तिथला साचा उचलून नवी मुंबईवर ठेवला होता. तुम्ही सध्या विषय शोधत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हीच चूक थोड्या वेगळ्या रूपात तुमच्याही हातून होण्याची शक्यता आहे. म्हणून ती नीट उलगडून सांगते.

आधी तो साचा काय होता ते बघा. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात मिल्टन ॲबस नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात तिथला जमीनदार जोसेफ डेमर, म्हणजे लॉर्ड मिल्टन, याला आपल्या वाड्याजवळचं जुनं बाजाराचं गाव डोळ्यांसमोर नकोसं झालं. त्याने ते हळूहळू पाडलं आणि १७८० च्या सुमारास जवळच्याच एका घळीत, वाड्यावरून दिसणार नाही अशा जागी, नवं गाव बसवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी घरं, वर गवताची शाकारणी आणि भिंती ‘कॉब’च्या. कॉब म्हणजे माती आणि पेंढा एकत्र तुडवून, थरावर थर चढवत केलेली जाडजूड भिंत. आज ही घरं वारसा म्हणून जपली जातात, लोक फोटो काढायला जातात. तिथल्या संशोधकाला एक मोठी सोय आहे. मालकाने घरं बांधली म्हणजे खर्च झाला, खर्च झाला म्हणजे हिशेब लिहिला गेला, आणि हिशेब लिहिला गेला म्हणजे तो कुठल्या तरी दप्तरात सापडण्याची आशा आहे.

आपल्याकडे मी नेमकं तेच दप्तर शोधत होते. खोत, इनामदार, सावकार, कुणाचं तरी. सहा महिने शोधलं. खंडाचे हिशेब मिळाले, भाताचे मिळाले, मिठाचे मिळाले. कुळाच्या घराच्या भिंतीसाठी मालकाने पैसे दिल्याची एक ओळ मिळाली नाही.

आता पुरावा मिळाला नाही म्हणजे तसं घडलंच नाही, असं म्हणता येत नाही. हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण उत्तर मला जिथे मिळालं ती जागा मी आधी बघितलीच नव्हती. ती जागा म्हणजे कायदा. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. आपण सगळे तो ‘कसेल त्याची जमीन’ आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन एवढ्यापुरता वाचतो, परीक्षेत तेवढंच येतं. त्याचं कलम १६ वाचा. मालकाच्या जागेवर कुळाने किंवा त्याच्या पूर्वजांनी स्वतःच्या खर्चाने राहतं घर बांधलेलं असेल, तर त्या घरातून कुळाला सहजासहजी हुसकता येणार नाही, असं ते कलम सांगतं. संरक्षण घराला आहे, घराच्या साहित्याला आहे आणि जागेलाही आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे घर कुळाने बांधलेलं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पुढच्या कलमात मालक ती जागा विकणार असेल तर कुळाला पहिला हक्क दिला आहे.

यातून काय निघतं? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी सर्वसाधारण परिस्थिती होती, ती अशी : जागा मालकाची, घर कुळाचं. माझ्या शीर्षकाच्या बरोबर उलटं. बाईंना हे दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मग आता शीर्षक बदल.”

जागा दुसऱ्याची आणि घर आपलं असेल, तर माणूस कसलं घर बांधेल? इथे कारवी येते.

कारवी तुम्ही ट्रेकला पाहिली असेल, फुललेली असेल तर फोटोही काढला असेल. सह्याद्रीच्या उतारांवर माणसापेक्षा उंच वाढणारं हे झुडूप. साधारण आठ वर्षांनी एकदा सगळं रान एकदम जांभळं होतं, बी धरतं आणि मग ती सगळी झाडं मरतात. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली हा बहर आला. फोटो काढणारे फुलांच्या वेळी येतात. घर बांधणाऱ्याला मात्र फुलांशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला काठ्या हव्या असतात. सरळ, हलक्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या, गाठीगाठीच्या.

या काठ्यांची भिंत म्हणजे कूड. आधी मेढी, म्हणजे दुबेळक्याचे खांब, जमिनीत रोवायचे. छपराचा सगळा भार या मेढींवर. त्यांच्यामध्ये बांबूच्या आडव्या कांबी, आणि कांबींना उभ्या कारव्या शेजारी शेजारी बांधत न्यायच्या. मग दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचं तूस एकत्र मळून लिंपायचं. वर पेंढा किंवा गवत. ऐपत आली की कुंभाराची नळीची कौलं, आणखी ऐपत आली की मंगलोरी. पावसाळ्याआधी ज्या अंगाने झड येते, तिथे झापांचा आडोसा. (वारली चित्रं मुळात ज्या भिंतींवर काढली जात, त्याही बहुतेक अशाच. आपण चित्र बघतो, भिंत बघत नाही.)

यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच : भिंत भार पेलत नाही. कॉबच्या भिंतीवर छप्पर उभं असतं, ती पडली की घर पडलं. कुडाची भिंत काढून टाकली तरी छप्पर जागच्या जागी राहतं. कारव्या कुजल्या, वाळवी लागली, तर तेवढा भाग सोडवून नवा बांधायचा. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि खाडीचं खारं पाणी अंगणापर्यंत येणाऱ्या मुलखात ही फार शहाणी रचना आहे. नुसत्या मातीची भिंत इथल्या आषाढात किती टिकेल, तुम्हीच सांगा.

बेलापूरकडच्या एका गावठाणातल्या आजी, आगरी, वय ऐंशीच्या पुढे, मला म्हणाल्या, “आमचा घर कारवीचा व्हता बाय. शिमिटाचा घर एकदाच बांधतान. आमचा दर वर्साला बांधाचा.” मी हे वाक्य तेव्हा कौतुकाने टिपून घेतलं. त्याचा अर्थ मला पुष्कळ नंतर कळला. दरवर्षी थोडं थोडं बांधलं जाणाऱ्या घराला ‘बांधकामाचं साल’ नसतं. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी त्यावरच गाडी अडणार आहे.

मालक कधीही उठवू शकतो अशा जागेवर, सोडवून नेता येईल किंवा फारसं नुकसान न होता सोडून देता येईल असं घर बांधणं शहाणपणाचं होतं, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणते, निष्कर्ष म्हणत नाही. कारण याच कारवीची घरं डोंगरातले कातकरी आणि ठाकरही बांधत, आणि त्यांचा प्रश्न खोताशी कमी, जंगलखात्याशी जास्त होता. म्हणजे कारवी वापरण्याचं एकच कारण शोधू नका. हवामान, जवळपास मिळणारं साहित्य, ऐपत आणि जमिनीचा हक्क ही चारही कारणं एकाच भिंतीत लिंपलेली आहेत, आणि प्रत्येक घरात त्यांचं प्रमाण वेगळं आहे.

जंगलाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. कारवी, मेढी, वासे, सगळं डोंगरातून यायचं. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या आणि आरडाओरडा एवढा झाला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. वादाच्या केंद्रस्थानी होता राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला लागणारा पालापाचोळा आणि फांद्या. त्यामुळे अभ्यासकांनीही राबावर भरपूर लिहिलं. घराच्या लाकडावर फार कमी. पुढे २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, सत्याग्रही मारले गेले. शाळेत आपण तो ‘सविनय कायदेभंग’ या मथळ्याखाली वाचतो. एकदा घराच्या बाजूने वाचून बघा. ज्याला मेढ हवी, वासा हवा, दर दोन-चार वर्षांनी कारवीचा भारा हवा, त्याच्यासाठी जंगलबंदी म्हणजे घराच्या डागडुजीवरची बंदी होती. चिरनेरचे लोक कारवीसाठी रस्त्यावर उतरले असं मी म्हणत नाहीये. जंगलावरच्या हक्काची भाषा चुलीपासून आढ्यापर्यंत पोचत होती, एवढंच म्हणतेय.

आता साधनांकडे येऊ, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना खरा रस त्यातच असणार.

पहिलं साधन गॅझेटियर. कॅम्पबेलने संपादित केलेला ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ चा आहे. आज रायगडात असलेला पनवेल तालुका त्यात ठाण्यात सापडेल, कुलाब्याच्या खंडात शोधत बसू नका (मी बसले होते). घरांची वर्णनं आहेत, पण ती जातवार आहेत : अमुक जातीचे लोक अमुक प्रकारच्या घरात राहतात. त्यामुळे वाचताना वाटतं की कूड ही एखाद्या जातीची सवयच आहे, जणू खाणं किंवा पागोटं. त्या घराखालची जमीन कुणाची, हे त्या परिच्छेदात नसतं. ते पार वेगळ्या, जमीन-महसुलाच्या प्रकरणात असतं. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचावी लागतात. गॅझेटियरमधून नुसता एक परिच्छेद उचलून प्रबंधात चिकटवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

दुसरं साधन जनगणना. १९६१ पासून घरांच्या भिंती आणि छप्पर कशाचं, याचे तक्ते मिळतात. मला वाटलं, झालं काम! पण वर्गवारी बघा. अगदी २०११ च्या जनगणनेतही ‘गवत, शाकार, बांबू इत्यादी’ हा एक गट आहे आणि ‘माती, कच्च्या विटा’ हा दुसरा. कारवीची भिंत आतून काठ्यांची आणि बाहेरून मातीची. दारात उभ्या असलेल्या प्रगणकाने काय लिहायचं? लिंपण ताजं असेल तर माती, उडालं असेल तर बांबू. म्हणजे दोन जनगणनांच्या मध्ये ‘मातीची घरं वाढली’ असं दिसलं, तर कदाचित एवढंच झालं असेल की त्या वर्षी लोकांनी भिंती वेळेवर लिंपल्या होत्या. हे मी थोडं गमतीने लिहितेय, पण थोडंच.

तिसरं, जमीन मोजणीचे नकाशे. इथे मला सर्वात मोठा धक्का बसला. शेताचा प्रत्येक तुकडा मोजलेला, सर्व्हे नंबर पडलेला, सातबारा निघालेला. आणि जिथे माणसं राहतात ते गावठाण म्हणजे नकाशावर एक मोकळी आकृती. आत घर किती, कुणाचं, काही नाही. कारण उघड आहे. महसूल शेतावर होता, गावठाणातल्या घरावर नव्हता, म्हणून सरकारने मोजलं ते शेत.

उरतो ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. यात घराचं वर्णन असतं, कारण झोपडी किंवा मातीचं घर, दगड-विटांचं घर आणि आरसीसी यांची पट्टी वेगवेगळी. जुन्या घरांसाठी यापेक्षा कामाचा कागद मला तरी मिळालेला नाही. अडचण एकच : इथली बरीचशी गावं १ जानेवारी १९९२ ला सुरू झालेल्या महानगरपालिकेत गेली, ग्रामपंचायती संपल्या, आणि जुन्या वह्यांचं पुढे काय झालं याला प्रत्येक गावात वेगळं उत्तर आहे. एका ठिकाणी मला दोन वह्या मिळाल्या, त्यांची मधली पानं कसरीने खाल्लेली. जी पानं शिल्लक होती त्यांवर ‘कुडाचे’ हा शब्द ओळीने येत होता आणि पुढच्या वहीत त्याच अनुक्रमांकांसमोर ‘पक्के’.

माती उकरणाऱ्या आपल्या मित्रमंडळींचा इथे हेवा वाटतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुडाच्या घरांचे पुरावे मिळाले. खांबांचे खळगे, लिंपणाचे अवशेष, जमिनी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराचा आराखडा आपल्याला काढता येतो आणि १९६५ सालच्या, ज्यात राहिलेली माणसं अजून हयात आहेत अशा घराचा काढता येत नाही, कारण त्याच खळग्यांवर आज चार मजली इमारत उभी आहे.

त्या इमारतींबद्दल बोलायलाच हवं. सिडको १९७० ची. ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. शेतं संपादित झाली, गावठाणं मध्ये मध्ये तशीच राहिली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, दि. बा. पाटलांचं नेतृत्व होतं, आणि त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे तुम्हाला ठाऊक असेल. पण याच काळात बेलापूरला दुसरीही एक गोष्ट घडत होती. १९८३ ते ८६ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ उभं केलं. सुमारे सहा हेक्टर, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अशा तीन गटांचं आणखी मोठं अंगण. दोन शेजाऱ्यांत सामाईक भिंत नाही, म्हणजे कुणालाही आपलं घर वाढवता यावं. उतरती छपरं, आणि गवंड्याला सहज बांधता येईल अशी रचना. वास्तुकलेच्या पुस्तकांत त्याचे नकाशे जगभर छापले जातात.

मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पण तिथून गावठाण चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एकीकडे नियोजनकार गावासारखी, अंगण असलेली, वाढवता येणारी घरं आखत होते आणि दुसरीकडे, ज्यांना अंगणाची आणि वाढत्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ते कूड मोडून आरसीसी घालत होते. यावर ‘गाववाल्यांना आपल्या वारशाची किंमत नाही’ असं म्हणणारे लोक मला परिषदांमध्ये भेटतात. मला ते पटत नाही. शेत गेल्यावर उत्पन्न उरलं ते खोल्यांच्या भाड्याचं. कारवीच्या घरावर मजला चढत नाही. आणि ज्याची जमीन एकदा कागदावर गेली, तो दुसऱ्यांदा हलवता येईल असं घर कशाला बांधेल? हलकं घर हे कुळाचं शहाणपण होतं, जड घर हे प्रकल्पग्रस्ताचं. (आर्टिस्ट्स व्हिलेजमध्येही आता मूळची बरीच घरं पाडून काँक्रीटची झाली आहेत. तिथे कुणी वारशाचं व्याख्यान देत नाही.)

आता मघाशी म्हटलं होतं तो मुद्दा. कुटुंबं वाढली तशी गावठाणात आणि त्याच्या कडेला घरं वाढली. त्यांना सरकारी भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात, आणि ती अधिकृत की अनधिकृत हा इथला वर्षानुवर्षं चालू असलेला प्रश्न आहे. त्यात वारंवार विचारलं जातं : घर कधीचं? आजींच्या घराबाबत कागद बोलतो तो आरसीसीच्या सालापासून. त्याआधी त्याच जोत्यावर साठ वर्षं कारवीचं घर होतं, पण ते ‘दर वर्साला’ बांधलं जात होतं, त्याला साल नाही, नकाशात चौकोन नाही.

आजींच्या मुलाने मला मागच्या वर्षी विचारलं, “मॅडम, तुम्ही आईचं सगळं लिहून घेतलंय. ते आम्हाला कुठे दाखवता येईल का? घर जुनं आहे म्हणून?”

माझ्याकडे मेढींच्या जागांचं मोजमाप होतं, आजींच्या आठवणीवरून काढलेला आराखडा होता, शेजारच्या दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलेली तीच माहिती होती. पण संमतीपत्रात मी छापील वाक्य घातलं होतं : माहिती देणाऱ्याचं नाव व घराचं ठिकाण कुठेही उघड केलं जाणार नाही. एथिक्स समितीला हेच लागतं, आणि मी विचार न करता ते घातलं होतं. माणसाला त्रास होऊ नये म्हणून घातलेलं वाक्य इथे नेमकं त्याच माणसाच्या आड येत होतं. शिवाय प्रबंधातली तोंडी साक्ष कुणी पुरावा मानेल का, याची मला खात्री नव्हती, आणि तसं खोटं आश्वासन देणं आणखी वाईट. मी त्यांना हे दोन्ही सांगितलं. ते “ठीक आहे” म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही ठीक नव्हतं.

बाईंशी बोलले, समितीकडे पुन्हा अर्ज केला, चार महिने गेले. आता माझ्या संमतीपत्रावर दोन चौकोन आहेत : ‘नाव गुप्त ठेवावे’ आणि ‘नाव व घराचे ठिकाण छापावे’. सोबत मुलाखतीची आणि आराखड्याची सही केलेली एक प्रत त्या घरातच ठेवायची, हेही आता ठरलेलं आहे. तुम्ही क्षेत्रकार्य करणार असाल तर फॉर्म छापण्याआधी यावर विचार करा. माझी पहिली बावीस संमतीपत्रं मला पुन्हा करून घ्यावी लागत आहेत. त्यातले तिघं आता हयात नाहीत.

नवा फॉर्म घेऊन आजींकडे गेले तेव्हा मुलाने तो वाचून दाखवला. आजींनी विचारलं, “नाव छापशील तं कारवीचा घर बी छापशील ना?” मी हो म्हटलं. त्यांनी दुसऱ्या चौकोनावर अंगठा उमटवला आणि शाईचं बोट पदराला पुसत मला ओट्याच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. फरशीखाली एका मेढीचं दगडी बैठण अजून आहे, ते आधी मी मोजलं नव्हतं.